हैतीचा चित्रपट कान महोत्सवापर्यंत पोहोचतो तो कोणत्या वाटेने?

प्रश्न असा विचारला गेला आहे: हैतीत स्टुडिओ नाहीत, चालू चित्रपटगृहे जवळपास उरलेली नाहीत, राजधानीचा मोठा भाग सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात आहे, तरीही तिथल्या दिग्दर्शकांचे चित्रपट कान, टोरांटो, सनडान्स अशा महोत्सवांत दिसतात, ते कसे? आणि आज पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये बसून पहिला चित्रपट करू पाहणाऱ्या माणसाने आंतरराष्ट्रीय महोत्सवांपर्यंत आणि बाजारांपर्यंत जायचे, तर सुरुवात कुठून करायची?

सहनिर्मितीच्या बाजारांत, म्हणजे वेगवेगळ्या देशांचे निर्माते मिळून चित्रपट करण्यासाठी भेटतात तिथे, प्रकल्प वाचणे, निर्मात्यांच्या गाठी घालून देणे आणि झालेल्या चित्रपटांना महोत्सवापर्यंत नेणे, हे काम मी सुमारे वीस वर्षे करतो आहे. गोव्याच्या फिल्म बाजारापासून सुरुवात झाली, पुढे युरोपातल्या बाजारांत बसू लागलो आणि तिथे कॅरिबियन बेटांवरचे प्रकल्प माझ्या टेबलावर येऊ लागले. त्या अनुभवावरून माझे म्हणणे एवढेच आहे की हैतीच्या दिग्दर्शकाला महोत्सवाचे दार जितके बंद वाटते तितके ते बंद नसते. त्याची खरी अडचण त्याच्या कितीतरी आधी, पहिला पैसा कुठून यायचा, या जागी असते आणि तो पैसा ज्या वाटेने येतो तीच वाट पुढे चित्रपट कोणाचा राहणार हेही ठरवते.

हे नीट कळण्यासाठी बाजारातल्या एका भेटीकडे जवळून पाहू. भेट अर्ध्या तासाची असते. टेबलावर दिग्दर्शकाची फाइल असते: दोन पानांचे कथासार, दिग्दर्शकाचे टिपण, पटकथा किंवा तिचा पहिला खर्डा, बजेट आणि शेवटी फायनान्स प्लॅन, म्हणजे कोणाकडून किती पैसा येणार याचा तक्ता. समोरचा फ्रेंच किंवा जर्मन निर्माता कथासार आधीच वाचून आलेला असतो, म्हणून तो थेट शेवटचे पान उघडतो. त्या पानावर पहिली ओळ मायदेशातून आलेल्या रकमेची असते. ब्राझीलचा, मोरोक्कोचा किंवा कोलंबियाचा दिग्दर्शक त्या ओळीत राष्ट्रीय निधी, दूरचित्रवाहिनी, करसवलत असे काही ना काही दाखवू शकतो. मराठी निर्माता राज्य शासनाच्या अनुदानाकडे आणि इथल्या तिकीटबारीकडे बोट दाखवू शकतो. हैतीच्या फाइलमध्ये त्या ओळीपुढे बहुतेक वेळा निर्मात्याचे स्वतःचे श्रम, मित्राने दिलेला कॅमेरा आणि नातेवाइकांचे घर एवढेच लिहिलेले असते. युरोपातल्या बहुतेक निधींची रचना अशी आहे की ते कोणाच्या तरी पैशात भर घालतात; शून्यात भर घालणे त्यांच्या नियमांत बसत नाही. समोरच्या माणसाला कथा आवडलेली असते, तो तसे मनापासून सांगतो, आणि तरीही भेट तिथेच संपते. हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता फाइल हातात आली की मीही आधी शेवटचेच पान उघडतो.

त्याच बेटाच्या पूर्वेकडचा शेजारी पाहिला की या ओळीचे मोल कळते. डोमिनिकन प्रजासत्ताकाने २०१० मध्ये १०८-१० क्रमांकाचा चित्रपट कायदा केला, चित्रीकरणावरच्या खर्चाला २५ टक्के करसवलत दिली, आणि काही वर्षांत तिथे पाण्यातल्या चित्रीकरणाची सोय असलेला मोठा स्टुडिओ उभा राहिला. बेट एकच, समुद्र एकच. पण एका बाजूचा निर्माता बाजारात हातात काही घेऊन बसतो आणि दुसऱ्या बाजूचा रिकाम्या हाताने. गुणवत्तेतला फरक मला या सगळ्या वर्षांत कधी दिसला नाही.

या रिकामपणाला इतिहास आहे. हैतीत चलच्चित्र १८९९ मध्येच पोहोचले होते, पण स्वतःचा चित्रपट उभा राहण्याच्या काळात देश द्युवालिए पितापुत्रांच्या हुकूमशाहीत होता, १९५७ पासून १९८६ पर्यंत. साठच्या दशकात पत्रकार जाँ दोमिनिक पोर्ट-ओ-प्रिन्सच्या फ्रेंच संस्थेत एक सिने-क्लब चालवत असत. फ्रेंच दिग्दर्शक आलाँ रेनेचा नाझी छळछावण्यांवरचा माहितीपट तिथे दाखवला गेला आणि प्रेक्षकांना तो आपल्याच देशाबद्दल आहे असे वाटले. क्लब बंद झाला. पडद्यावर दुसऱ्याच देशाचे चित्र दाखवणेही जिथे असे धोक्याचे होते, तिथे राजकीय चित्रपट निर्वासितांनीच करावे लागले. आर्नोल्ड आंतोनँ यांनी सत्तरच्या दशकात परदेशात राहून हैतीच्या मुक्तिलढ्यावर पूर्ण लांबीचा माहितीपट केला. पुढे मायदेशी परतून ते सातत्याने चित्रपट करत राहिले आणि पश्चिम आफ्रिकेत, बुर्किना फासोची राजधानी वागादुगू इथे भरणाऱ्या फेस्पाको महोत्सवात आफ्रिकेबाहेरच्या कृष्णवर्णीयांच्या चित्रपटांसाठी असलेला पॉल रोबसन पुरस्कार त्यांना एकाहून अधिक वेळा मिळाला.

राउल पेक यांचे नाव या विषयात सगळ्यात आधी घेतले जाते आणि ते योग्यच आहे, पण त्यांच्या वाटचालीकडे नकाशा म्हणून पाहणाऱ्यांना मी सावध करतो. १९५३ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्सला जन्मलेला हा मुलगा आठव्या वर्षी कुटुंबाबरोबर काँगोला गेला, पुढे अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनीत शिकला आणि बर्लिनच्या चित्रपट अकादमीतून दिग्दर्शक होऊन बाहेर पडला. १९९३ मध्ये त्यांचा ‘लॉम सुर ले के’ हा द्युवालिए काळातल्या एका मुलीच्या नजरेतून घडणारा चित्रपट कानच्या मुख्य स्पर्धेत होता. १९९६-९७ मध्ये ते हैतीचे सांस्कृतिक मंत्री होते, पुढे पॅरिसच्या ‘ला फेमी’ या चित्रपटशाळेचे अध्यक्ष झाले, आणि अमेरिकी लेखक जेम्स बाल्डविनवरच्या त्यांच्या २०१६ च्या माहितीपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. हे सारे थोर आहे. पण पेक यांच्या हाती लहानपणापासून तीन-चार देशांची भाषा, कागदपत्रे आणि माणसे होती. निर्मितीसंस्था त्यांनी स्वतःची काढली आणि ती युरोपातून चालवली. ज्याच्याकडे फक्त हैतीचा पासपोर्ट आहे, त्याला ही वाट जशीच्या तशी चालता येणार नाही. त्यांच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट दुसरी आहे: दिग्दर्शनाबरोबर निर्मितीही त्यांनी पहिल्यापासून आपल्या हातात ठेवली.

मायदेशात राहून काम करणाऱ्यांसाठी मला जेसिका जेनेयस यांचे उदाहरण अधिक उपयोगी वाटते. १९८५ मध्ये पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये जन्मलेल्या जेसिका आधी अभिनेत्री होत्या. २०१७ मध्ये त्यांनी आपल्या आईच्या मानसिक आजारावर आणि त्यातून देशाच्या मनावर माहितीपट केला, आणि तो अनेक महोत्सवांतून फिरल्यावर ‘फ्रेडा’ हा पहिला कथापट केला. तो २०२१ मध्ये कानच्या ‘अँ सेर्तँ रगार’ विभागात दाखवला गेला, त्याच वर्षी फेस्पाकोमध्ये त्याला रौप्य अश्व हा दुसरा पुरस्कार मिळाला, आणि हैतीने तो ऑस्करसाठीही पाठवला. वस्तीतल्या घराच्या पुढच्या भागात छोटे दुकान चालवणारी आई, तिच्या दोन मुली, बाहेर निदर्शने आणि गोळीबार, एवढाच त्याचा अवकाश आहे. निर्मितीच्या बाजूने पाहिले तर त्यात तीन देश आहेत: हैतीची स्वतः दिग्दर्शिकेची संस्था, फ्रान्सची एक स्वतंत्र संस्था आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिनची एक संस्था. हा तिसरा देश मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बेनिनमधून गुलाम करून नेलेल्या माणसांच्या श्रद्धा आणि देवता हैतीच्या व्होदू या लोकधर्मात आजही जिवंत आहेत, त्यामुळे ही सहनिर्मिती कागदावरची सोय नाही. शिवाय फ्रेंचभाषक देशांच्या संघटनेचे आणि आफ्रिका-कॅरिबियन देशांसाठीचे निधी अशा दक्षिणेकडच्या भागीदारीला मोकळे होतात, आणि चित्रपटाचा सारा भार एकट्या फ्रेंच निर्मात्यावर राहत नाही.

आता प्रत्यक्ष वाट. पहिला टप्पा लघुपट किंवा छोटा माहितीपट, आणि त्याला पर्याय नाही. निधी देणारे पटकथा वाचतात, पण विश्वास ठेवतात तो पाहिलेल्या वीस मिनिटांवर. सॅम्युएल स्युफ्रें यांनी असेच लघुपटांमागून लघुपट केले. त्यांचा एक लघुपट २०२५ च्या सनडान्सला आणि त्यानंतरचा त्याच वर्षी कानला समांतर भरणाऱ्या डायरेक्टर्स फोर्टनाइट विभागात होता. समुद्र ओलांडून गेलेल्यांची वाट पाहणारी माणसे हा त्यांचा विषय, आणि एकाच विषयाशी अशी निष्ठा ठेवली की निवड करणाऱ्यांना तो दिग्दर्शक ओळखीचा वाटू लागतो, हे मी निवड समितीत बसून अनुभवले आहे.

दुसरा टप्पा लेखनासाठीच्या छोट्या निधीचा. रॉटरडॅम महोत्सवाचा हुबर्ट बाल्स निधी १९८८ पासून चालतो. पटकथा विकासासाठी त्याची मदत १०,००० युरोंची असते. आपल्याकडच्या ‘कोर्ट’ या चित्रपटालाही या निधीने पटकथेच्या टप्प्यावर हात दिला होता. रक्कम फार मोठी नाही, पण फायनान्स प्लॅनच्या त्या रिकाम्या पहिल्या ओळीत तो पहिला आकडा असतो आणि त्यामागे एका प्रतिष्ठित वाचकाचा होकार असतो. बर्लिनाले या बर्लिनच्या महोत्सवाच्या वर्ल्ड सिनेमा फंडला जर्मन भागीदार लागतो. फ्रान्सच्या ‘एद ओ सिनेमा द्यु मोंद’ या योजनेला फ्रेंच सहनिर्माता लागतो आणि पैसा त्याच्याच हाती येतो. नॉर्वे आणि स्वित्झर्लंड इथेही याच धर्तीचे निधी आहेत. स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो महोत्सवाच्या ‘ओपन डोअर्स’ या उपक्रमाने २०२२ ते २०२४ या फेरीत लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनकडे लक्ष दिले, त्यात हैती होती. कान महोत्सवाच्या काळात फ्रेंच संस्कृती संस्थेचा ‘ला फाब्रिक’ हा उपक्रम पहिला-दुसरा चित्रपट करणाऱ्या दक्षिणेकडच्या दिग्दर्शकांना निर्मात्यांसमोर बसवतो. हैतीचे बहुतेक दिग्दर्शक पॅरिसकडेच पाहतात, कारण भाषा अर्धी ओळखीची असते. मी मात्र त्यांना मॉन्ट्रियल, मायामी आणि डोमिनिकन राजधानी सांतो दोमिंगो यांकडेही पाहायला सांगतो. ‘किडनॅपिंग इंक.’ हा ब्रुनो मुराल यांचा चित्रपट हैती, फ्रान्स आणि कॅनडा यांचा मिळून झाला आणि २०२४ च्या सनडान्समध्ये मध्यरात्रीच्या विभागात दाखवला गेला. अपहरणावरच्या या चित्रपटाच्या चित्रीकरणात चमूतल्याच माणसांचे खरोखर अपहरण झाले होते. मायामीच्या ‘लिटल हैती’त घडणारा आणि बराचसा क्रेयोल या हैतीच्या लोकभाषेत बोलणारा मोनिका सोरेल यांचा ‘माउंटन्स’ २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवाला होता. परदेशी वाढलेल्या पिढीचे हे काम हैतीच्या चित्रपटात धरायचे की नाही, असा वाद मधूनमधून होतो. मी धरतो, ज्या देशाची एवढी माणसे बाहेर आहेत त्याचा चित्रपट एकाच भूभागात मावणार नाही.

निवड झाल्यावरची अडचण फार थोडे लोक बोलून दाखवतात. महोत्सव निवडीचे पत्र बहुधा महिना-दीड महिना आधी पाठवतो, आणि व्हिसाच्या भेटीची तारीख त्याहून उशिराची मिळते. अर्जाला सहा महिन्यांचे बँक खाते आणि नोकरीचा दाखला जोडायचा असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या दिग्दर्शकाकडे दोन्ही नसते. २०२४ च्या नोव्हेंबरात पोर्ट-ओ-प्रिन्सला उतरणाऱ्या विमानांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि अमेरिकी विमानसेवा बंद झाली, त्यामुळे बाहेर पडायचे तर उत्तरेच्या काप-आयसियनपर्यंत जावे लागते आणि तिथवरचा रस्ताही सुरक्षित नाही. जून २०२५ पासून अमेरिकेने हैतीच्या नागरिकांच्या प्रवेशावर बंदी घातली आहे. मी ज्यांच्याबरोबर काम केले अशा एका तरुण दिग्दर्शकाच्या पहिल्या प्रदर्शनाला सभागृह भरलेले होते, पडद्यासमोरची त्याची खुर्ची रिकामी होती, आणि एका युरोपीय देशाच्या वकिलातीचे नकाराचे पत्र त्याला आदल्या दिवशी मिळाले होते. कारणाच्या रकान्यात, परत येण्याचा हेतू सिद्ध होत नाही, असे छापील वाक्य होते. तेव्हापासून मी आग्रह धरतो की निवडीची वाट न पाहता महोत्सवाकडे अर्ज करतानाच व्हिसासाठीचे पत्र मागावे, सहनिर्मात्याने हमीपत्र द्यावे, आणि जमल्यास एखाद्या निवासी लेखन शिबिराच्या निमित्ताने दिग्दर्शक आधीच त्या खंडावर पोहोचलेला असावा.

चित्रपट स्वतः पोहोचवणेही सोपे नसते. नव्वद मिनिटांच्या चित्रपटाची डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत, दीडशे-दोनशे गिगाबाइटपर्यंत जाते. वीज दिवसातून काही तासच असते, इंटरनेट तुटते, आणि जनरेटरचे डिझेल मिळेल तेव्हा विकत घ्यायचे असते. एका निर्मातीने तीन रात्री जनरेटर चालवून एक फाइल चढवली, आणि चौथ्या दिवशी कळले की आवाजाचा एक चॅनेल रिकामाच गेला आहे. म्हणून शेवटचे ध्वनिमिश्रण आणि डीसीपी सहनिर्मात्याच्या देशातच करावी, हे करारात आधीच लिहून घ्यावे. ती चैन नाही, तो प्रवासखर्चाइतकाच मूलभूत खर्च आहे.

सबटायटलांकडेही असेच लक्ष द्यावे लागते, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हैतीच्या चित्रपटाचे निम्मे नाट्य या जागी हरवते. क्रेयोल सगळेच हैतीवासी बोलतात, फ्रेंच थोडे. १९८७ च्या राज्यघटनेने दोन्हींना राजभाषा केले, पण शाळा, कचेरी, न्यायालय इथे फ्रेंचचा दरारा आजही आहे. पात्र क्रेयोलमधून फ्रेंचमध्ये शिरते तेव्हा ते वर चढते, लपते किंवा समोरच्याला खाली बसवते. पांढऱ्या अक्षरांतल्या इंग्रजी सबटायटलात ही पायरी दिसतच नाही. दोन्ही भाषा एकाच सपाट इंग्रजीत उतरतात. मी फ्रेंच वाक्ये तिरक्या अक्षरांत द्यायला सांगतो, आणि ती कळूनसवरून थोडी ताठर ठेवायला सांगतो. काही शब्द तर भाषांतर न करता ठेवलेलेच बरे. गावाकडचा माल शहरात आणून विकणाऱ्या बायकांना तिथे ‘मादान सारा’ म्हणतात. हे नाव मुळात एका गलबला करणाऱ्या पक्ष्याचे, जो थव्याने दाण्यामागे फिरतो. एतां द्युपँ यांनी या बायकांवर २०२० मध्ये माहितीपट केला आणि शीर्षक तेच ठेवले. ‘व्यापारी स्त्री’ म्हटले की पक्षी उडून जातो. तसेच ‘पेयी लोक’: २०१९ मध्ये रस्ते, शाळा, दुकाने, सारा देशच कुलूपबंद झाला, त्या दिवसांचे हे नाव; ‘टाळेबंदी’ म्हटले तर आता वाचकाला साथीचा रोग आठवतो आणि अर्थच फिरतो.

आणखी एका गोष्टीचा दबाव महोत्सवाकडून येतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर जगभरचे कॅमेरे हैतीत उतरले, आणि तेव्हापासून बाजारात हैती म्हटले की ढिगारा, व्होदू आणि बंदूक यांची अपेक्षा असते. त्याच भूकंपात दक्षिण किनाऱ्यावरच्या जॅकमेलमधल्या सिने इन्स्टिट्यूटची इमारत पडली. विनाशुल्क चालणाऱ्या त्या चित्रपटशाळेच्या विद्यार्थ्यांनी ढिगाऱ्यातून कॅमेरे काढले आणि आपल्याच शहराचे चित्रण सुरू केले. बाहेरच्या चमूंच्या आणि या मुलांच्या दृश्यांतला फरक पाहणाऱ्याला लगेच कळतो, कारण मुलांच्या चित्रणात ढिगाऱ्यासमोर उभ्या माणसाला नाव असते. पुढे पेक यांनी ‘असिस्तांस मोर्तेल’ या २०१३ च्या माहितीपटात मदतीचा पैसा कुठे आणि कसा विरला याचा आतून हिशेब मांडला. मी सहनिर्मात्यांना सांगतो की पटकथेत जास्त हैतीपणा मागू नका, आणि दिग्दर्शकांना सांगतो की ‘हे आमच्या प्रेक्षकाला कळणार नाही’ असे वाक्य कोणी टेबलावर टाकले, तर ‘आमचा’ म्हणजे कोणता प्रेक्षक, हे त्याच वेळी विचारा.

प्रथम प्रदर्शनाबद्दल थोडक्यात. मोठ्या महोत्सवांना जागतिक किंवा आंतरराष्ट्रीय पहिले प्रदर्शन हवे असते, त्यामुळे घाईने एखाद्या छोट्या महोत्सवाला होकार दिला की वरची दारे आपोआप लागतात. अर्जाची फी माफ करायला लेखी विनंती केली तर बहुतेक महोत्सव करतात. चित्रपटाचे हक्क देशोदेशी विकून देणाऱ्या सेल्स एजंटशी करार करताना त्याच्या दलालीपेक्षाही त्याच्या खर्चाला वरची मर्यादा आहे का ते आधी पाहावे. ती नसेल तर बाजारातल्या जाहिराती, पार्ट्या आणि पोस्टर यांतच उत्पन्न संपते आणि निर्मात्याच्या वाट्याला वर्षाअखेर शून्याचा तक्ता येतो.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे सारे लिहायला बसलो, तो. करारात ‘सर्व प्रदेश’ असा शब्द असतो आणि पहिल्यांदा सही करणारा माणूस तो वाचून पुढे जातो. हैती हा विकण्याजोगा बाजार नाही असे समजून त्या प्रदेशाचे हक्कही बाहेरच्या कंपनीकडे जातात, आणि मग जॅकमेलच्या शाळेत चित्रपट दाखवायचा तर पॅरिसला ई-मेल पाठवून परवानगी आणि प्रदर्शनशुल्काचा आकडा मागावा लागतो. हे टाळता येते. हैतीचे सर्व हक्क आणि जगभरातले क्रेयोलभाषक सामुदायिक प्रदर्शनांचे हक्क हैतीच्या निर्मात्याकडे राहतील, हे एक कलम पहिल्याच मसुद्यात घालावे. सहनिर्माता क्वचितच हरकत घेतो, कारण त्याच्या हिशेबात त्या हक्कांची किंमत शून्य असते. हैतीत मात्र या शतकाच्या सुरुवातीला ‘बारिकाद’सारख्या क्रेयोल चित्रपटांनी प्रेक्षक भरभरून ओढले होते, राजधानीतली रेक्स, कॅपिटोल अशी चित्रपटगृहे त्यानंतर बंद पडली, पण प्रेक्षक गेलेला नाही, तो चोरून केलेल्या डीव्हीडीकडे आणि आता मोबाइलकडे वळला आहे. आणि मॉन्ट्रियल, बॉस्टन, ब्रुकलिनच्या चर्चच्या सभागृहांत तिकीट काढून क्रेयोल चित्रपट पाहणारी कुटुंबे मी स्वतः पाहिली आहेत. त्या तिकिटांचा पैसा हैतीच्या निर्मात्याच्या खात्यात गेला, तर त्याच्या पुढच्या फाइलच्या शेवटच्या पानावर पहिली ओळ रिकामी राहत नाही. फाइल तयार असेल तर बजेटाच्या आधी हे कलम लिहून घ्या, आणि ते क्रेयोल जाणणाऱ्या वकिलाकडून वाचून घ्या.